लोखंडी खांबांना खोकी घालू नका

बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या बाल्कनीखाली उभे असलेले लोखंडी खांब बरे दिसत नाहीत, काय करावे, असे कुणी विचारले की हल्ली एकच उत्तर मिळते: झाकून टाका. कुणी डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) लाकडी छापाच्या पट्ट्या सुचवतो, कुणी एसीपीचा (ॲल्युमिनियम कंपोझिटचा) पत्रा, तर कुणी सिमेंट बोर्डाचे चौकोनी खोके करून त्यावर दगडी टाइल लावायला सांगतो. चार इंची खांब दोन-तीन दिवसांत पंधरा इंची ‘दगडी’ स्तंभ होतो. इंटिरियरवाल्यापासून रंगाऱ्यापर्यंत अनेक जण हा सल्ला देतात. आता तर घर बांधणारेही फॅब्रिकेटरला आधीच सांगून ठेवतात की वेल्डिंग कसेही दिसले तरी चालेल, शेवटी झाकायचेच आहे.

मला हा सल्ला मुळातूनच अमान्य आहे. खांबाच्या आयुष्याला तो घातक आहे, बाल्कनीखाली वावरणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे, आणि ज्या देखणेपणासाठी एवढा खर्च होतो तो देखणेपणाही त्यातून मिळत नाही. लोखंडी खांब सुंदर करता येतो, पण त्यासाठी तो उघडा ठेवावा लागतो.

झाकण्याच्या बाजूने चार गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, झाकल्यामुळे लोखंड पावसापासून वाचते. दुसरी, एकदा झाकले की रंगरंगोटीची कटकट संपते. तिसरी, बारीक खांबावर जड बाल्कनी पाहून मनाला धाकधूक वाटते, जाड खांब भक्कम वाटतो. आणि चौथी, लोखंड दिसायला दरिद्री, गोदामाच्या शेडसारखे; घराला ते शोभत नाही. चारही मुद्दे ऐकायला पटतात, म्हणून एकेकाचा समाचार घ्यायला हवा.

सुरुवात गंजापासून. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतात आणि खोक्यात या दोन्ही गोष्टी मुबलक असतात. बाल्कनीचा स्लॅब आणि खोके जिथे भेटतात त्या फटीतून पाणी उतरते, पट्ट्यांच्या सांध्यांतून आणि स्क्रूच्या भोकांतून झिरपते, अंगण धुताना खालून शिरते. उघडा खांब पाऊस उघडला की वाऱ्याने थोड्या वेळात सुकतो. खोक्यातल्या खांबाला वारा नाही आणि ऊनही नाही. जूनमध्ये आत गेलेली ओल ऑक्टोबरपर्यंत तिथेच मुरत राहते. कोकणात आणि गोव्यात तर प्रकरण आणखी गंभीर. खारी हवा फटीफटीतून आत जाते आणि मिठाचा थर खांबावर बसतो. उघड्या खांबावरचे मीठ पहिल्या दमदार सरींत धुऊन जाते, खोक्यातले धुवायला कुणी येत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे कोरड्या वाटणाऱ्या दिवसांतही गंज थांबत नाही.

पाच-सहा पावसाळे काढलेल्या अशा खोक्याची तळाची पट्टी उचकटून पाहा. आधी कोंदट वास येतो. मग दिसतो तपकिरी चिखल: सिमेंटची भुकटी, मुंग्यांनी आणलेली माती आणि लोखंडाचे सुटलेले पापुद्रे. खांबाच्या वरच्या भागावर रेड ऑक्साइडचा हात जसाच्या तसा असतो. फरशीपासून चार बोटांवर मात्र रंग फुगून त्याचे फोड आलेले असतात. पेचकसाचे टोक लावले की फोड फुटतो आणि पोपडा हातात येतो. बेसप्लेटच्या कडा भिजलेल्या वहीच्या पानांसारख्या थराथरांनी सुटलेल्या असतात, आणि नटाचे कोपरे गंजून इतके गोल झालेले असतात की त्यावर पाना बसत नाही. बाहेरून मात्र खोके नव्यासारखे चकचकीत. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसेच हे आहे.

हा धोका जगाने मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पोलादी सांगाड्याला दगडाचे अंगरखे चढवून इमारती उभ्या राहिल्या. दगड पोलादाला चिकटून बसवलेला, मध्ये हवा खेळायला जागा नाही. काही दशकांनी आतले पोलाद गंजले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फुगणाऱ्या पोलादाने बाहेरचा दगड तडकवला आणि ढकलून काढला. या दुखण्याला तिथे ‘रीजंट स्ट्रीट डिसीज’ असेच नाव पडले. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचे उदाहरणही बोलके आहे. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या या पुतळ्याची बाह्य कातडी तांब्याची, आतला सांगाडा लोखंडी. दोन धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये घातलेला थर काळाच्या ओघात निकामी झाला, ओल शिरली आणि लोखंड झपाट्याने गंजले. फुगलेल्या पट्ट्यांनी तांब्यातले रिव्हेट उपसून काढले. १९८४ ते १९८६ या काळात मोठी दुरुस्ती करून आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. गुस्ताव्ह आयफेलच्या तालमीत तयार झालेल्या सांगाड्याची ही गत, तर आपल्या खोक्यांची काय कथा!

याच आयफेलच्या नावाचा पॅरिसचा मनोरा १८८९ पासून संपूर्ण उघडा उभा आहे. तो वीस वर्षांनी उतरवायचे ठरले होते. तो उतरवला गेला नाही, आणि त्याचे लोखंड आजवर टिकले कारण साधारण दर सात वर्षांनी त्याला नव्याने रंग दिला जातो आणि रंग देताना त्याची तपासणीही होते. उघड्या लोखंडाला रंगाची चाकरी लागते हे खरे, पण ती चाकरी केली की लोखंड पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

इथे हमखास एक प्रश्न येतो: आरसीसीमध्ये सळया काँक्रीटच्या आतच असतात, त्या कशा टिकतात? टिकतात, कारण काँक्रीट सळईला सर्व बाजूंनी घट्ट भिडलेले असते आणि ते अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर संरक्षक थर तयार होतो. खांब आणि बोर्ड यांच्यामध्ये पोकळी असते. त्या पोकळीत दमट हवेशिवाय काही नसते. जाळी मारून वर दीड इंच प्लास्टर थापले तरी काँक्रीटचे काम होत नाही. उन्हात लोखंड तापते, प्रसरण पावते, प्लास्टरला केसासारख्या भेगा पडतात आणि तेथून पाण्याला वाट मिळते.

दुसरा मुद्दा ‘मेंटेनन्स संपतो’ हा. संपते ती पाहणी, आणि हेच सगळ्यात भयंकर आहे. साधे गणित करून पाहू. १०० मिलिमीटर चौकोनी पाइप, जाडी ४ मिलिमीटर. बाहेरून चारही बाजूंनी केवळ १ मिलिमीटर गंजाने खाल्ला तरी लोखंडाचा जवळपास चौथा हिस्सा गेला. प्रत्यक्षात गंज असा सारखा खात नाही, तो तळाशी, वेल्डिंगच्या कडेला, नेमक्या नाजूक जागी जास्त खातो. आपल्या भारतीय मानकानुसार घराच्या बाल्कनीचे डिझाइन करताना दर चौरस मीटरला किमान ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोचा भार धरतात, तो बाल्कनीच्या स्वतःच्या वजनाशिवाय. गणपतीत, लग्नात, वाढदिवसाला बाल्कनी माणसांनी भरते तेव्हा हा भार कागदावरचा राहत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात जून २०१५ मध्ये चौथ्या मजल्यावरची बाल्कनी तुटून सहा तरुण विद्यार्थी दगावले. तिथे लोखंड नव्हते, लाकडी तुळया होत्या. पण कारण हेच: आत कोंडलेल्या ओलीने तुळया कुजल्या आणि वरच्या नीटनेटक्या आवरणामुळे ते दिसले नाही. त्यानंतर त्या राज्याने अनेक सदनिकांच्या निवासी इमारतींतल्या अशा बाल्कन्यांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची करणारे कायदे केले. आपल्याकडे मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. बंगल्याच्या बाल्कनीखालच्या दोन खांबांकडे मात्र बहुधा घरमालकाशिवाय कुणीच पाहत नाही. खांब झाकला की ती एकुलती एक नजरही बंद होते.

तिसरा मुद्दा बारीक खांबाच्या धाकधुकीचा. ही भावना मी क्षुल्लक मानत नाही. वर दहा-बारा फुटांचा स्लॅब आणि खाली चार इंची नळी, हे दृश्य काहींना खटकते. पण खोक्याने खांबाची ताकद रतीभरही वाढत नाही, उलट खांबावर टाइलचे वजन चढते. खांब खरोखरच अपुरा असेल तर तो अभियंत्याचा विषय आहे. खांबाची उंची आणि आडवा छेद यांच्या प्रमाणावर त्याचे वाकणे अवलंबून असते. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने ते सूत्र मांडले आणि आपल्या आयएस ८०० या मानकाने नेहमीचा भार पेलणाऱ्या खांबांसाठी या सडपातळपणाच्या गुणोत्तराला १८० ची कमाल मर्यादा घातली आहे. शंभर मिलिमीटरचा, चार मिलिमीटर जाडीचा, तीन मीटर उंच पाइप या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली राहतो. मर्यादेत राहणे म्हणजे भार पेलण्याची हमी नव्हे, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. पण डोळ्याला बारीक वाटणारा खांब दुबळाच असतो असे मुळीच नाही. तरीही मन मानत नसेल तर खरे उपाय करा: एका खांबाऐवजी सहा इंचांच्या अंतराने दोन खांबांची जोडी, किंवा वर तुळईशी भिडणारे आकडे (ब्रॅकेट). यांनी डोळ्याला आधार दिसतो, आणि अभियंत्याला विचारून केले तर बांधकामालाही मिळतो. जाडजूड खोके मात्र पोर्चमधली गाडी वळवायची जागा खाते, दिवाणखान्यात येणारा उजेड अडवते आणि ठोकून पाहिले की पोकळ वाजते.

आता शेवटचा आणि माझ्या मते मुख्य मुद्दा: लोखंड दिसायला दरिद्री असते. हे मी अजिबात मानत नाही. मुंबईच्या जुन्या रेल्वे स्थानकांवर फलाटाचे छत पेलणारे बिडाचे खांब पाहा. बारीक, उभट, वर कमानदार आकडे. रंगांचे थरावर थर चढले तरी त्यांची ऐट गेलेली नाही. मीस व्हान डेर रोह या वास्तुविशारदाने १९२९ च्या बार्सिलोना पॅव्हेलियनमध्ये क्रोमने झळाळणारे आठ सडपातळ पोलादी खांब दर्शनी उभे केले आणि आधुनिक वास्तुकलेत त्यांची आजही चर्चा होते. या खांबांनी आपण दगड असल्याचे सोंग घेतलेले नाही.

आणि आपल्याला दूर जायचीही गरज नाही. आपल्या वाड्यांमधला लाकडी खांब आठवा. त्याखाली दगडी तळखडा, म्हणजे लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर. मधला खांब बहुतेकदा साधा, घोटलेला. वर हस्त, त्यावर तुळई. १८०७ साली बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सुरूच्या आकाराचे खांब आहेत, कोरीव काम आहे, पण भार कुठून कुठे जातो हे तिथेही लपवलेले नाही. आपल्या सुतारांना खांबाचा देखणेपणा कुठे असतो ते पक्के ठाऊक होते: तो पाय कसा टेकवतो आणि माथ्यावरचे ओझे कसे घेतो यात. आपले लोखंडी खांब कुरूप दिसतात ते नेमके या दोन जागी. पायाशी फरशी वेडीवाकडी कापून सिमेंट लिंपलेले, माथ्यावर वेल्डिंगचे गोळे आणि उरलेला पत्र्याचा तुकडा, मध्ये ऑइलपेंटचे ओघळ, त्यावर केबलची वायर आणि पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप क्लॅम्पने आवळलेला. दुखणे इथे आहे आणि खर्च खोक्यावर होतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

मग काय करायचे? क्रमाने सांगतो.

पाय आधी. बेसप्लेट फरशीखाली गाडलेली असेल तर भोवतीची फरशी काढून ती मोकळी करा. गंज वरवरचा असेल तर साफ होतो. पत्रा पातळ झाला असेल, भोक पडले असेल, तर अभियंत्याला बोलवा, आणि बाल्कनीला पक्के टेके दिल्याशिवाय कुणालाही खांबाला कटर लावू देऊ नका. नवे काम असेल तर खांब फरशीच्या वर चार ते सहा इंच उंच चौथऱ्यावरच उभा करा, चौथऱ्याचा माथा बाहेर उतरता ठेवा. काळ्या पाषाणाचा घडीव चौथरा केला तर तोच आजचा तळखडा. एवढ्या एका गोष्टीने खांबाचे रूप पालटते आणि आयुष्य वाढते.

मग माथा. ओबडधोबड वेल्डिंग ग्राइंडरने घासून घ्या, पण वेल्ड झिजवून अशक्त करू नका. पाइपचे वरचे तोंड झाकणपट्टीने पूर्ण बंद हवे. बाल्कनीच्या कडेला खालून पागोळी तोडणारी खाच हवी, म्हणजे पाणी तुळईवरून खांबावर न ओघळता कडेवरूनच खाली पडते. बाल्कनीची मोरी खांबाच्या डोक्यावर सुटत असेल तर तिची दिशा आधी बदला.

त्यानंतर रंग. इथे सर्वात जास्त फसवणूक होते, कारण गंजावरच रेड ऑक्साइडचा हात मारून वर ऑइलपेंट लावला की पहिल्या दिवशी काम छान दिसते. खरे काम रंगाआधीचे आहे. तेलकटपणा पुसायचा, मग गंज आणि सुटा रंग ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशने लख्ख काढायचा, आणि त्याच दिवशी प्रायमर लावायचा, कारण उघडे लोखंड रात्रीच्या दमटपणात पुन्हा तांबूस होते. कडा आणि वेल्ड यांवर रंग आपोआप पातळ बसतो, म्हणून तिथे ब्रशने एक जादा हात द्यायचा. समुद्राजवळ इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेनचा हात, हा संच चांगला टिकतो. फक्त इपॉक्सीवर थांबू नका, उन्हाने तो खडूसारखा भुकट होतो. खांब गॅल्व्हनाइज्ड असेल तर त्यावर थेट ऑइलपेंट लावू नका, तो धरत नाही. जस्ताला चालणारा प्रायमर मागून घ्या. आणि हे सगळे पावसाळ्यात करू नका. पाऊस सरून दिवाळीची रंगरंगोटी सुरू होते, तो काळ यासाठी उत्तम.

रंगाची निवडही महत्त्वाची. बाल्कनीखाली सावली असते. तिथे गडद करडा किंवा काळपट हिरवा, कमी चमकेचा रंग दिला की खांब सावलीत विरतो आणि मागची बाग पुढे येते. चकचकीत पांढऱ्या रंगात वेल्डिंगचा प्रत्येक उंचवटा आणि गंजाचा प्रत्येक ओघळ उठून दिसतो. खांब, रेलिंग, खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटक यांना एकच रंग द्या. घराचे सगळे लोखंड एका कुळातले दिसू लागते. वायरी आणि पाइप खांबावरून काढून भिंतीच्या कोपऱ्यातून न्या. मधुमालती चढवायची हौस असेल तर खांबापासून चार इंच दूर तार ताणून तिच्यावर चढवा. वेल खांबाला बिलगली की पानांखाली ओल धरते.

झाकणे सर्वत्र वर्ज्य आहे असे मी म्हणत नाही. आगीचा धोका असलेल्या इमारतींत पोलादाला अग्निरोधक आवरण लागते, कारण तापमान साडेपाचशे अंशांच्या आसपास गेले की पोलादाची ताकद सुमारे निम्म्यावर येते. अभियंत्याने डिझाइन करून पोलादाभोवती सलग काँक्रीट भरले तर तेही योग्य. लाकडाची ऊब हवीच असेल तर मध्ये फटी ठेवलेल्या सुट्या पट्ट्या लावता येतात. अट एवढीच की खाली आणि वर हवेला वाट हवी, तळाचा हातभर भाग पूर्ण उघडा हवा, आणि पट्ट्या वर्षातून एकदा स्क्रू फिरवून काढता आल्या पाहिजेत. जे आवरण काढून आत पाहता येत नाही, ते खांबाला लावू नये.

ठेकेदार म्हणेल की साहेब, एवढे कोण करते. त्याला सांगा की खोक्याचे पैसे आम्ही पायाशी, माथ्याशी आणि रंगावर खर्च करणार आहोत, आणि वेल्डिंग दिसणार आहे म्हणून ते नीटच कर. काम उघडे राहणार हे माहीत असले की कारागीर ते काळजीने करतो, हा उघड्या खांबाचा आणखी एक फायदा. आणि ज्यांच्या घरी खोकी आधीच बसली आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती: येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक खांबाची तळाची एक तरी पट्टी काढून आत बॅटरी मारून पाहा. लोखंड शाबूत असेल तर ते स्वच्छ करून रंगवा आणि तसेच दिसू द्या. पापुद्रे दिसले तर त्या बाल्कनीवर माणसे जमवू नका, आणि आधी अभियंत्याला बोलवा.